पाणी समुद्राचंच, मग मासे का मरतात? लहान खाऱ्या टाकीसाठी क्षारतामापक आणि फिल्टर निवडताना

खाडीच्या पाण्याची क्षारता हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे गावाकडे गेले की माशांच्या टाकीबद्दलचे प्रश्न हमखास माझ्याकडे येतात. देवबागेत होमस्टे चालवणाऱ्या एका काकांनी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात आवडतो. ते म्हणाले, "गो बाय, पाणी समुद्राचाच, मासेय समुद्राचेच, मगे मरतत कित्याक?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मुंबई-पुण्यातल्या माणसाला खाऱ्या टाकीसाठी मिठाची महागडी पिशवी विकत आणावी लागते. आपल्याकडे कळशी घेऊन पन्नास पावलं चाललं की समुद्र. तरीही पडवीतल्या दोन फुटी टाकीतले मासे चौथ्या दिवशी उलटे होतात, आणि त्यातून वाचलेले महिन्याभरात जातात.

या दोन मृत्यूंची कारणं वेगळी आहेत. पहिल्या आठवड्यातला मृत्यू बहुधा अमोनियामुळे होतो आणि महिन्यानंतरचा बहुधा वाढलेल्या क्षारतेमुळे. अमोनियासाठी फिल्टर लागतो, क्षारतेसाठी मोजमापाचं साधन. दुकानात गेलं की मात्र रंगीत दिवे, खोटी पोवळी, "ताशी हजार लिटर" लिहिलेला पंप यांवर पैसे संपतात आणि मोजायला काहीच घेतलं जात नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: लहान टाकीसाठी पहिला रुपया मोजण्यावर घालवा, दुसरा वीज गेली तरी चालेल अशा फिल्टरवर. बाकी सगळं नंतर. का, ते आकड्यांनी बघू.

टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही

उदाहरणाला ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी टाकी घेऊ. काठोकाठ भरली तर ५४ लिटर. वरची मोकळी जागा आणि तळाची वाळू सोडली की पाणी राहतं साधारण ४५ लिटर. क्षारता ३५ दरहजारी, म्हणजे हजार ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. सोपेपणासाठी लिटरला ३५ ग्रॅम धरू. म्हणजे टाकीत १५७५ ग्रॅम, दीड किलोहून थोडे जास्त क्षार विरघळलेले आहेत.

आता वाऱ्याच्या पडवीत दिवसाला ३ मिलिमीटर पाणी उडालं असं समजू. आकडा छोटा वाटतो, पण टाकीच्या पृष्ठभागाने गुणला की दिवसाला अर्धा लिटरच्या वर आणि आठवड्याला पावणेचार लिटरच्या आसपास होतो. आठवड्यानंतर ४१ लिटर पाण्यात तेच १५७५ ग्रॅम क्षार असतात आणि क्षारता ३८ च्या वर गेलेली असते.

इथपर्यंत फार बिघडलेलं नाही. बिघडतं ते पुढच्या पायरीला. पातळी उतरलेली दिसली की आपण काय करतो? समुद्राचं पाणी आणून ओततो. म्हणजे उडालं ते गोडं पाणी आणि भरलं ते खारं. दर आठवड्याला १३२ ग्रॅम क्षारांची भर. चार आठवडे असंच केलं तर टाकीत २१०० ग्रॅमच्या वर क्षार होतात आणि क्षारता जाते जवळजवळ ४७ वर. डोळ्यांना काही कळत नाही. पाणी तसंच नितळ, पातळी तशीच. मासा मात्र शरीरातलं पाणी टिकवायला रोज जास्त जोर लावत असतो आणि एक दिवस दमतो.

म्हणून पहिला नियम: उडालेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घालायचं. टाकीच्या काचेवर पातळीची खूण करून ठेवा आणि रोज सकाळी तिथपर्यंत भरा. समुद्राचं पाणी फक्त पाणी बदलताना, म्हणजे जितकं खारं काढलं तितकंच खारं घालताना.

३५ हा एक आकडा सगळं कसं सांगतो?

समुद्राच्या एक किलो पाण्यातल्या ३५ ग्रॅममध्ये साधारण १९.३५ ग्रॅम क्लोराइड, १०.७८ ग्रॅम सोडियम, २.७१ ग्रॅम सल्फेट, १.२८ ग्रॅम मॅग्नेशियम, ०.४१ ग्रॅम कॅल्शियम आणि ०.४० ग्रॅम पोटॅशियम असतं. उरलेलं सगळं चिमूटभर.

यातली गंमत अशी की खुल्या समुद्रात पाणी जास्त खारं असो की कमी, या घटकांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास बदलत नाही. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाच्या ब्रिटिश जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यातल्या ७७ नमुन्यांचं पृथक्करण केलं आणि १८८४ मध्ये हे स्थिर प्रमाण पक्कं केलं. याचा उपयोग काय? सगळे घटक वेगवेगळे मोजायची गरज उरत नाही. कुठलाही एक गुणधर्म मोजा, बाकी सगळं हिशेबाने काढता येतं. जुन्या पद्धतीत सिल्व्हर नायट्रेट वापरून क्लोरिनिटी काढायचे आणि तिला १.८०६५५ ने गुणायचे. १९७८ पासून प्रमाण पद्धत विद्युतवाहकतेवर आधारलेली आहे. टाकीसाठी मिळणारी साधनंही हेच करतात: कुणी घनता मोजतं, कुणी प्रकाशाचं वाकणं, कुणी वाहकता.

इथेच आणखी एका प्रश्नाचं उत्तर मिळतं, "मग मीठच विरघळवलं तर?" शिरोड्याची मिठागरं आपल्याच जिल्ह्यातली, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने देशभर माहीत झालेली. पण मिठागरात मीठ कसं पडतं ते आठवा. पाणी आटत जाताना आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, त्यानंतर खायचं मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे बरेचसे क्षार शेवटच्या कडवट पाण्यात उरतात आणि ते पाणी मिठात घेत नाहीत. म्हणजे मीठ हा समुद्राचा एक भाग आहे, अख्खा समुद्र नव्हे. खायच्या मिठाचं ३५ चं द्रावण मोजमापाला पास होईल, पण त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही आणि पीएच धरून ठेवणारे बायकार्बोनेट नाहीत. मासा ठेवायला ते चालत नाही. पुढे मात्र आपण हेच मीठ एका वेगळ्या कामाला वापरणार आहोत.

क्षारता कशाने मोजायची?

बाजारात पाच गोष्टी मिळतात. एकेक बघू.

*टीडीएस पेन.* सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात आधी हाच घेतला जातो. बहुतेक पेनची मर्यादा ९९९० पीपीएमपर्यंत असते. समुद्राचं पाणी ३५ हजार पीपीएमचं. त्यात पेन बुडवला की तो हात वर करतो. पण फेकू नका. रोज भरायचं गोडं पाणी तपासायला हाच पेन उपयोगी. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतात. जिभेला कळायच्या आधी पेनला कळतं. घरच्या आरओ मशीनमध्येही चव यावी म्हणून थोडे क्षार परत मिसळलेले असतात, तेही दिसतं.

*हलत्या काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर.* डबीत पाणी भरलं की काटा वर उचलला जातो आणि विशिष्ट गुरुत्व दाखवतो. साधन साधं, पण काट्याला एखादा हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा वाढतो आणि जुन्या मिठाचा थर बसला की काटा जड होऊन आकडा घटतो. वापरलाच तर आधी टिचकी मारून बुडबुडे घालवायचे आणि नंतर दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचा.

*काचेचा तरंगता हायड्रोमीटर.* नीट वापरला तर चांगला आहे. अडचण तापमानाची. यातले बरेच १५.६ अंश सेल्सिअसला, म्हणजे ६० फॅरनहाइटला प्रमाणित केलेले असतात. मालवणात टाकीचं पाणी २८ अंशांचं असतं. गरम पाणी हलकं, त्यामुळे हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि १.०२६८ दाखवायच्या जागी १.०२३४ च्या आसपास दाखवतो. हा फरक क्षारतेत साडेचार दरहजारींचा होतो! माणूस पाणी कमी खारं समजून मीठ वाढवत बसतो. म्हणून घेताना दांडीवर कुठलं तापमान छापलंय ते वाचा. २५ अंशांचा मिळाला तर तोच घ्या.

*रिफ्रॅक्टोमीटर.* दुर्बिणीसारखी छोटी नळी असते. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळ्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ जिथे येते तो आकडा. पाणी जितकं खारं, तितका प्रकाश जास्त वाकतो. ३५ च्या समुद्राच्या पाण्याचा अपवर्तनांक १.३३९४ असतो. दोन थेंबांत काम होतं, बॅटरी लागत नाही, आपोआप तापमान जुळवणारी सोय बहुतेकांत असते. लहान टाकीसाठी मी हाच घ्यायला सांगते.

मात्र यात दोन फसगती आहेत. एक म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर अनेक कामांचे मिळतात: उसाच्या रसातली साखर मोजायचे, बॅटरीच्या ॲसिडचे, मिठाच्या द्रावणाचे. आपल्याला हवा तो ० ते १०० दरहजारी आणि १.००० ते १.०७० विशिष्ट गुरुत्व अशा दोन पट्ट्यांचा. दुसरी फसगत बारीक आहे. 'सॅलिनिटी' लिहून विकले जाणारे कितीतरी रिफ्रॅक्टोमीटर प्रत्यक्षात साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. ते समुद्राच्या ३५ च्या पाण्याला ३६ ते ३६.५ म्हणतात. ओळखायची खूण आहे: आत बघून ३५ ची रेघ शेजारच्या पट्टीवर कुठे येते ते बघा. १.०२६ आणि १.०२७ च्या मधे येत असेल तर तो समुद्राच्या पाण्याचा, १.०२५ पाशी येत असेल तर मिठाच्या पाण्याचा. मिठाचा असला तरी वापरता येतो, फरक माहीत असला म्हणजे झालं.

*वाहकतेवर चालणारा डिजिटल पेन.* ३५ च्या पाण्याची वाहकता २५ अंशांना ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. चांगला पेन हे थेट क्षारतेत दाखवतो. पण तापमान एक अंशाने बदललं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी बदलते, त्यामुळे तापमान जुळवणी नीट नसेल तर आकडा भरकटतो. शिवाय टोक धुऊन ठेवावं लागतं आणि प्रमाण द्रावण परत परत विकत घ्यावं लागतं. एका टाकीसाठी इतका व्याप नको. चार-पाच टाक्या असतील तर जरूर घ्या.

साधन खरं बोलतंय का?

रिफ्रॅक्टोमीटरबरोबर येणाऱ्या कागदावर लिहिलेलं असतं की डिस्टिल्ड पाण्याने शून्य जुळवा. ते कराच, पण त्यावर थांबू नका. शून्यावर बरोबर दाखवणारा वजनकाटा पाच किलोला शंभर ग्रॅम खाऊ शकतो, तसंच हे. आपल्याला मोजायचंय ३५ पाशी, तर तपासणीही तिथेच हवी.

आता ते बाजूला ठेवलेलं मीठ काढा. ३६.५ ग्रॅम कोरडं मीठ ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं की जे द्रावण होतं, त्याचा अपवर्तनांक बरोबर ३५ च्या समुद्राच्या पाण्याइतका असतो. या द्रावणाचे दोन थेंब टाकून समुद्राच्या पाण्यासाठीच्या रिफ्रॅक्टोमीटरचा स्क्रू ३५ वर जुळवायचा. मिठाच्या पाण्यासाठीचा असेल तर तो ३६.५ दाखवेल, तोच आपला ३५ समजायचा. डिस्टिल्ड पाणी बॅटरीत घालायचं म्हणून मिळतं. वजन मात्र नीट हवं. स्वयंपाकघरातल्या काट्यात एका ग्रॅमची चूक झाली तर आकड्यात एका दरहजारीची चूक होते. खिशात मावणारे ०.१ ग्रॅमचे काटे मिळतात, नाहीतर ओळखीच्या सोनाराकडे जा. मीठ तोलायला आल्याचं बघून तो हसेल, पण तोलून देईल. हे द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवलं की महिनोन् महिने पुरतं. झाकण सैल असेल तर त्याचंही पाणी उडतं आणि मग आपलं मापच चुकतं.

लक्षात ठेवा, हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी. वाहकतेच्या पेनला किंवा हायड्रोमीटरला तपासायचं मिठाचं प्रमाण वेगळं असतं.

फिल्टरचं खरं काम

फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाळणं येतं. घाण अडकली, पाणी स्वच्छ दिसलं, काम झालं. प्रत्यक्षात मासे मारणारी गोष्ट दिसत नाही आणि गाळली जात नाही.

मासा आपल्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात सोडतो. दिवसाला एक ग्रॅम खाद्य घातलं आणि त्यात ४० टक्के प्रथिनं असली, तर प्रथिनांच्या १६ टक्के म्हणजे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत आला. त्यातला निम्मा अमोनिया म्हणून बाहेर पडला असं धरलं तरी ४५ लिटरमध्ये लिटरमागे रोज ०.७ मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी दोनच्या वर. काकांचे मासे चौथ्या दिवशी का गेले, ते इथे कळतं.

खाऱ्या टाकीत हा प्रश्न गोड्या टाकीपेक्षा जास्त तिखट असतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप बरंचसं निरुपद्रवी, तर मोकळा अमोनिया विषारी. पीएच ७ आणि २८ अंशांना मोकळ्या अमोनियाचा वाटा एक टक्क्याच्या आत असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, तिथे तोच वाटा आठ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे तेवढाच अमोनिया, पण विष दहापट.

यावर उपाय जिवाणूंचा. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट पुष्कळच कमी विषारी, ते पाणी बदलून काढता येतं. या जिवाणूंना चिकटून राहायला जागा हवी आणि प्राणवायू हवा. फिल्टर म्हणजे मूलतः त्यांचं घर. म्हणून फिल्टर घेताना विचारायचे प्रश्न दोनच: आत जागा किती, आणि प्राणवायू मिळत राहील का?

*स्पंज फिल्टर.* हवेचा पंप, एक नळी आणि स्पंज. बुडबुडे वर जाताना पाणी स्पंजातून ओढून नेतात. जिवाणूंना जागा आणि पाण्याला हवा, दोन्ही एकाच वेळी. दिसायला काही खास नाही आणि मिठाचे शिंतोडे उडतात, पण बिघडण्यासारखं त्यात फारसं काहीच नाही.

*हँग-ऑन फिल्टर.* काचेच्या मागच्या बाजूला टांगायचा. पाणी वर ओढून धबधब्यासारखं परत सोडतो. कचराही अडकतो, पृष्ठभागही हलता राहतो. आतली काडतुसं दर महिन्याला बदला असं पाकिटावर असतं. ती बदलली तर त्यांच्यावर वसलेले जिवाणूही कचऱ्यात जातात. त्यापेक्षा आत स्पंजाचा तुकडा आणि सिरॅमिकच्या नळ्या भरा.

*कॅनिस्टर.* बंद डब्याचा फिल्टर. जागा भरपूर, आवाज नाही. मोठ्या टाकीला उत्तम. लहान टाकीला गरजेपेक्षा मोठा.

*प्रोटीन स्किमर.* हे खाऱ्या पाण्याचं खास यंत्र. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात. त्या बारीक बुडबुड्यांना सेंद्रिय घाण चिकटते आणि फेस होऊन वर येते. पावसाळ्यात किनाऱ्यावर जो पिवळट फेस साचतो, तोच प्रकार नळीत. यंत्र चांगलं आहे, पण ४५ लिटरला त्याची गरज नाही. आठवड्याला १५ टक्के, म्हणजे सात लिटर पाणी बदललं तरी काम भागतं. हिशेब असा की दर वेळी १५ टक्के काढत राहिलं तर घाण कितीही आठवडे गेले तरी सहा-सात आठवड्यांच्या साठ्यापलीकडे वाढत नाही.

पंपावर लिहिलेल्या "ताशी इतके लिटर" या आकड्याने हुरळून जाऊ नका. तो पाणी वर उचलायचं नसताना मोजलेला असतो. उंची आणि मळलेला स्पंज जमेस धरले की तो बराच उतरतो. टाकीच्या पाच ते दहा पट, म्हणजे ताशी सव्वादोनशे ते साडेचारशे लिटर प्रवाह पुरे.

वीज गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न "तर" चा नाही, "तेव्हा" चा आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात जिल्ह्यातली वीजव्यवस्था कोलमडली होती. तेवढं मोठं वादळ नसलं तरी जून-जुलैत झाड तारांवर पडलं की रात्र अंधारात जाते.

२८ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच गरम ३५ च्या खाऱ्या पाण्यात साधारण ६.४. म्हणजे सुरुवातीलाच शिल्लक कमी. वर फिल्टरमधले जिवाणूही प्राणवायू खातात. कॅनिस्टरसारख्या बंद डब्यात प्रवाह थांबला की काही तासांत आतला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात, आणि वीज आल्यावर ते सडलेलं पाणी थेट टाकीत येतं.

म्हणून माझी शिफारस दुहेरी आहे: हँग-ऑन असला तरी सोबत एक स्पंज फिल्टर ठेवाच, आणि त्याचा हवेचा पंप बॅटरीवर चालणारा घ्या. वीज जाताच आपोआप सुरू होणारे पंप मिळतात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत एकदिशा झडप बसवा, नाहीतर बंद पडल्यावर पाणी उलटं पंपात शिरतं. वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटपर्यंत पोचणार नाही. खारं पाणी आणि वीज एकत्र आहेत, तेव्हा त्या लाइनला गळती ओळखून वीज तोडणारा स्विच हवाच. आणि टाकीत तांब्या-पितळेचा कुठलाही भाग नको. तांबं विरघळून कोळंबी-खेकड्यांसारख्या जिवांना मारतं.

पाणी कुठून आणि कधी?

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. संगमापाशी ओहोटीच्या वेळी भरलेली कळशी आणि भरतीच्या वेळी भरलेली कळशी यांतलं पाणी एक नसतं. ओहोटीला नदीचं पाणी बाहेर येतं. पावसाळ्यात तर खाडीच्या तोंडाशी वरचं पाणी पार मचूळ होतं. "समुद्राचं पाणी" हे त्यामुळे एकच एक पाणी नाही, आणि प्रत्येक कळशी मोजूनच घ्यायची.

पाणी घ्यावं नोव्हेंबर ते मे या काळात, भरती पूर्ण झाल्यावर, खाडीच्या मुखापासून आणि जेट्टीपासून दूर. जेट्टीजवळ डिझेलचा तवंग असतो. फडक्यातून गाळून खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिक बॅरलमध्ये, झाकून, अंधारात आठ-पंधरा दिवस ठेवा. वापरायच्या आदल्या रात्री त्यात हवा सोडा.

पावसाळ्याचा हिशेब आधीच करता येतो. जून ते सप्टेंबर सतरा आठवडे, आठवड्याला सात लिटर, म्हणजे १२० लिटर. मे महिन्यात दोनशे लिटरचं एक बॅरल भरून ठेवलं की चिंता मिटली. जमत नसेल तर समुद्री क्षारांचं तयार मिश्रण आणा.

टाकीची क्षारता वाढलेली आढळली, तर किती पाणी बदलायचं ते काढायची रीत सोपी आहे: वाढलेला फरक भागिले आत्ताचा आकडा, गुणिले टाकीचे लिटर. ३८ वरून ३५ वर यायचं तर ३ भागिले ३८ गुणिले ४५, म्हणजे साधारण साडेतीन लिटर खारं काढून तेवढंच गोडं घालायचं. एकदम नको, दोन-तीन दिवसांत विभागून.

समुद्रातून काय आणायचं नाही

पाणी आणता येतं म्हणून सगळंच आणता येतं असं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. तिथून दगड, शिंपले, जीव काहीही उचलायचं नाही. पोवळी आणि समुद्री घोडे यांना तर अभयारण्याबाहेरही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेलं पोवळंसुद्धा टाकीची शोभा म्हणून आणणं गुन्हा ठरतो. जिवाणूंना घर म्हणून सिरॅमिकच्या नळ्या तितक्याच चांगल्या.

रापणीत आलेला सुंदर मासा टाकीत सोडायचा मोहही टाळा. जाळ्यात घासून त्याची त्वचा सोललेली असते आणि वाढल्यावर तो दोन फुटांत मावणार नाही. विदूषक माशाची, म्हणजे क्लाउनफिशची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बंदिस्त टाक्यांत यशस्वी केली आहे. अशी पैदाशीतली जोडी घ्या. ४५ लिटरला दोन छोटे मासे पुरेत.

खरेदीचा आणि कामाचा क्रम

१. समुद्राच्या पाण्याचा रिफ्रॅक्टोमीटर आणि घरी केलेलं मिठाचं प्रमाण द्रावण.

२. स्पंज फिल्टर, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, एकदिशा झडप.

३. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट. खाऱ्या पाण्याला चालतं असं त्यावर लिहिलेलं हवं. नेसलर पद्धतीचं नको. त्यात पारा असतो आणि खाऱ्या पाण्यात ते गढूळ होतं.

४. टीडीएस पेन, गोड्या पाण्यासाठी.

५. जमलं तर हँग-ऑन फिल्टर. स्किमर आणि रंगीत दिवे यादीच्या शेवटी.

टाकी लावली की लगेच मासे सोडू नका. एक-दोन सुंगटं सोलून जाळीच्या पिशवीत टाका. ती सडू लागली की अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाणं मिळतं. कुणाकडे जुनी, निरोगी खारी टाकी असेल तर तिच्या स्पंजाचा तुकडा आणलात तर काम लवकर होतं. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. किटमध्ये आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतात. ते दोन्ही शून्य दिसले की पहिला मासा.

त्यानंतर रोज सकाळी खुणेपर्यंत गोडं पाणी, आठवड्यातून एकदा क्षारता मोजून सात लिटर खारं पाणी बदलायचं. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळून धुवायचा, नळाखाली नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं. वहीत तारीख आणि क्षारतेचा आकडा लिहून ठेवा. ३३ ते ३६ च्या मधे रेघ सरळ चालली असेल तर तुमची टाकी नीट चालली आहे.